अमेरिकन हायस्कूलचं एक्सचेंज वर्ष: काय हाती लागतं, काय लागत नाही

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये वर्षभर शिकण्याचा, जे-१ नावाच्या व्हिसावरचा एक्सचेंज प्रोग्रॅम घेताना पालक हमखास तीन प्रश्न विचारतात: शहर कोणतं, कुटुंब कसं आणि शाळा किती चांगली? या तिन्हींची निवड तुमच्या हातात नसते. माहितीपत्रकावर सॅन फ्रान्सिस्कोचा पूल असतो आणि मूल जातं आयोवातल्या मक्याच्या शेतांमधल्या गावी. हे आधीच पचवता येत असेल तर पुढे वाचा. ही सेवा घेण्यासारखी आहे, पण ज्या कारणासाठी ती विकली जाते त्या कारणासाठी नाही.

आधी नियम, कारण एजंट ते अर्धेच सांगतात. वय साधारण १५ ते साडेअठरा लागतं आणि बालवाडी सोडून ११ वर्षांपेक्षा जास्त शिक्षण झालेलं चालत नाही. म्हणजे दहावी किंवा अकरावीनंतर जाता येतं. बारावी झालेल्याने हा नाद सोडावा. मुदत एक सत्र किंवा एक शैक्षणिक वर्ष, आणि आयुष्यात एकदाच. सांभाळणारं कुटुंब त्याचे पैसे घेत नाही. हे ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात, पण नियमच तसा आहे. घरातल्या प्रौढांची गुन्ह्यांची नोंद तपासली जाते. मुलाला स्वतंत्र पलंग द्यावाच लागतो. हवा भरायची गादी किंवा उलगडायचा सोफा चालत नाही. नातेवाइकांकडे प्रोग्रॅम ठेवत नाहीत, त्यामुळे न्यू जर्सीच्या मामाकडे राहण्याचा बेत इथेच संपतो.

दुसरा मार्ग एफ-१, म्हणजे साध्या विद्यार्थी व्हिसाचा. त्यावर सरकारी शाळेत जास्तीत जास्त १२ महिने शिकता येतं आणि एका विद्यार्थ्यामागे होणारा पूर्ण खर्च विद्यार्थ्याला स्वतः स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेकडे, भरावा लागतो. खासगी शाळेला ही कालमर्यादा नाही, मात्र फीचा आकडा बघून बसायला खुर्ची जवळ ठेवा. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी जे-१ ला २२० डॉलर, एफ-१ ला ३५०. व्हिसा अर्जाचे १८५ वेगळे. प्रोग्रॅमची मूळ फी संस्थेप्रमाणे इतकी बदलते की तिच्यात काय धरलंय हे ओळीनिशी लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. विमा प्रत्येक आजारामागे किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचा असावा लागतो आणि स्वतःच्या खिशातून भरायचा पहिला हिस्सा ५०० डॉलरच्या वर नको. दात आणि डोळे या विम्यात बहुधा येत नाहीत. म्हणून निघण्याआधी दातांची तपासणी उरकून घ्या आणि चष्म्याचा दुसरा जोड बॅगेत टाका.

पैशांची अडचण असेल तर केनेडी-लूगर यस या शिष्यवृत्तीची चौकशी करा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या खर्चाने ती २००२ मध्ये सुरू झाली आणि भारतातल्या मुलांनाही मिळत आली आहे. एक अट मात्र कानाआड होते: सरकारी पैशाने गेलेल्या मुलाला परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याचं बंधन लागू होतं. त्या काळात तिथलं कायमचं वास्तव्य किंवा नोकरीचे काही व्हिसा मिळत नाहीत.

शाळा निवडता येत नसली तरी जोखता येते. मुख्य गोष्ट ही, की अमेरिकेत देशभराचा असा एक अभ्यासक्रम नाही. सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, बहुतेकांचं मंडळ लोकांनी निवडून दिलेलं असतं आणि पैशाचा मोठा वाटा गावातल्या मालमत्ता करातून येतो. त्यामुळे एका गावात रोबोटिक्सची सुसज्ज लॅब असते आणि वीस मैलांवरच्या शाळेत फिजिक्स शिकवायला माणूस नसतो. शाळेचं नाव कळल्याच्या दिवशी तिच्या वेबसाइटवरून तीन गोष्टी उतरवून घ्या: कोर्स कॅटलॉग (विषयांची यादी), बेल शेड्यूल (तासांचं वेळापत्रक) आणि विद्यार्थिसंख्या. आमचा कौल छोट्या शाळेला. अडीच हजार मुलांच्या शाळेत एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, वीस कोर्स असतील, पण संघात, नाटकात, बँडमध्ये शिरायला तिथे रांग असते. तीनशे मुलांच्या शाळेत नवं मूल आलं हे दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या बाईंनाही ठाऊक असतं.

आता वर्ग. पैसे वसूल होतात ते इथेच.

नववी ते बारावीला फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर म्हणतात. शिक्षक आपापल्या खोलीत असतात आणि मुलं फिरतात. दिवसाला ४५ ते ५० मिनिटांचे सात तास, किंवा ब्लॉक पद्धत असेल तर ९० मिनिटांचे चार. दोन तासांच्या मध्ये चार-पाच मिनिटं, आणि त्यातच लॉकर उघडायचं असतं. पहिल्या आठवड्यात गणितापेक्षा लॉकरचं कुलूप जास्त रडवतं. चकती उजवीकडे तीन पूर्ण फेऱ्या फिरवून पहिल्या आकड्यावर थांबा. मग डावीकडे वळा, दुसरा आकडा एकदा ओलांडू द्या आणि पुढच्या फेरीत त्याच्यावर थांबा. मग उजवीकडे सरळ तिसऱ्या आकड्यावर, आणि खटका वर. चूक मधल्या टप्प्यावर होते: दुसरा आकडा पहिल्यांदा दिसला की मुलं तिथेच थांबतात आणि कुलूप ढिम्म हलत नाही. अशा उशिराला टार्डी म्हणतात. काही टार्डी साठल्या की डिटेन्शन, म्हणजे शाळा सुटल्यावर बसून राहण्याची शिक्षा. तासाच्या मधे बाहेर जायचं तर हॉल पास लागतो, पाणी प्यायलाही.

गुणांची पद्धत नीट समजून घ्या, कारण हुशार मुलांचे ग्रेड इथेच घसरतात. वर्षाच्या शेवटी एकच मोठी परीक्षा देऊन सगळं भरून काढायची सोय नसते. पहिल्या दिवशी प्रत्येक शिक्षक सिलॅबसचा कागद देतात. त्यावर कशाला किती टक्के ते लिहिलेलं असतं. समजा चाचण्यांना ५०, प्रोजेक्टला २०, गृहपाठाला २० आणि वर्गातल्या सहभागाला १० टक्के आहेत. एका मुलाला चाचण्यांमध्ये ९२, प्रोजेक्टमध्ये ८८, सहभागात ७० पडले. गृहपाठ मात्र निम्मे दिलेच नाहीत म्हणून तिथे सरासरी ४५. बेरीज होते ४६ अधिक १७.६ अधिक ९ अधिक ७, म्हणजे ७९.६. बहुधा ९० पासून ए, ८० पासून बी, ७० पासून सी, म्हणजे वर्गातल्या सर्वांत चांगल्या चाचण्या लिहूनही हातात सी. तोच गृहपाठ ९५ वर असता तर ८९.६, म्हणजे ए च्या उंबरठ्यावर. न दिलेल्या गृहपाठाला शून्य मिळतं आणि शून्य सरासरीला जसं खाली ओढतं तसं चुकीचं उत्तरही ओढत नाही. अर्धवट, चुकलेला, कसाही असो, गृहपाठ द्यायचा.

द्यायची जागा बहुधा कॅनव्हास किंवा गूगल क्लासरूम, आणि वेळ रात्री ११:५९. इथे दोन खड्डे आहेत. एक, तारीख महिना-दिवस अशी लिहितात. ११/८ म्हणजे ८ नोव्हेंबर, ११ ऑगस्ट नव्हे. दुसरा, गूगल डॉकची लिंक जोडताना शेअरिंगची परवानगी बदलायची राहते. शिक्षकांना फाइल उघडत नाही आणि त्या रकान्यात शून्य बसतं. दुसऱ्या दिवशी तासाआधी जाऊन सांगितलं तर बहुतेक शिक्षक ते दुरुस्त करतात. आठवड्याने सांगितलं तर उशिराच्या कामाचा नियम लागतो आणि तो प्रत्येक शिक्षकाचा वेगळा.

सहभागाचे १० टक्के छोटे वाटतात, पण वर्षाचा खरा अभ्यास तोच. इंग्रजी आणि इतिहासाच्या वर्गात सॉक्रेटिक सेमिनार नावाचा प्रकार असतो. खुर्च्यांची दोन वर्तुळं. आतले बोलतात, बाहेरचे नोंदी घेतात, मग अदलाबदल. शिक्षक मधे बोलत नाहीत, मांडीवर यादी घेऊन प्रत्येकाच्या नावापुढे खुणा करतात. नुसतं मत मांडलं की एक खूण. पान क्रमांक सांगून वाक्य दाखवलं तर वेगळी. आधी बोललेल्याचं म्हणणं पुढे नेलं किंवा खोडलं तर त्याहून वरची. सारखं तेच बोलून इतरांना जागा न देणाऱ्याचे गुण कापले जातात. आपल्याकडून गेलेलं मूल पूर्ण, निर्दोष उत्तर मनात जुळवत बसतं. ते जुळेपर्यंत चर्चा तीन वळणं पुढे गेलेली असते आणि घंटा होते. उपाय साधा आहे. आदल्या रात्री दोन वाक्यं पान क्रमांकासह आणि एक प्रश्न कागदावर लिहून न्यायचा. पहिल्या पाच मिनिटांतच तो प्रश्न विचारून टाकायचा. प्रश्न विचारणं हाही सहभागच धरतात, आणि पहिल्यांदा तोंड उघडलं की पुढचं सोपं जातं.

शिक्षकाचं म्हणणं खोडलं तरी चालतं, पुरावा असला तर. हाक मात्र नावाने नाही: मिस्टर किंवा मिस आणि पुढे आडनाव. सर-मॅडम म्हटलं तर कोणी रागवत नाही, पण बहुतेक ठिकाणी ते परकं वाटतं. दक्षिणेकडच्या राज्यांत सर आणि मॅम उलट हवंच असतं.

इतिहासाच्या चाचणीत सनावळ्या कमी आणि कागदपत्रं जास्त. एखाद्या घटनेवरचं पत्र, व्यंगचित्र, भाषणाचा उतारा, आकडेवारीचा तक्ता असे पाच-सात तुकडे समोर ठेवून त्यांच्या आधारे विधान मांडायला सांगतात. कोणी लिहिलं, कोणासाठी, त्याचा स्वार्थ काय, हे न लिहिता नुसता सारांश दिला तर अर्धे गुण जातात. सायन्सचा लॅब रिपोर्टही याच वळणाचा: दावा, पुरावा आणि दोन्ही जोडणारं कारण. प्रयोग फसला तरी पूर्ण गुण मिळू शकतात. का फसला ते नीट लिहायला हवं. आकडे जुळवून आणणाऱ्याला इथे फायदा नाही.

सर्वांत महागात पडते ती उतारेगिरी. पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी लिहिली की आपल्या पेपरात पैकीच्या पैकी मिळतात. तिथे अवतरणचिन्ह आणि स्रोत न देता तेच केलं तर ती चोरी ठरते. शिक्षा त्या कामाला शून्य इथून सुरू होते आणि घरी फोन जातो. मित्राबरोबर प्रयोगाची निरीक्षणं सामाईक असलेली चालतात, निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत हवा. एआय वापरण्याबाबतही शिक्षकागणिक नियम वेगळे. सिलॅबसवर वाचा, नसेल तर विचारा.

विषय निवडताना मोह आवरावा. गणित बहुधा मागचंच वाटेल, तेव्हा वरचा वर्ग मागून घ्या. नाहीतर वर्ष कंटाळ्यात जाईल. अडचण आली तर ती फूट, इंच, पौंड आणि फॅरनहाइटची असते. इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास आणि एक प्रयोगशाळेचा विषय हा गाभा धरून उरलेल्या जागी सिरॅमिक्स, लाकूडकाम, गायन, नाटक यांपैकी काहीतरी घ्या. मायदेशी असल्या वर्गांना कोणी हात लावू देत नाही. विषय बदलायची मुभा सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांपुरतीच असते आणि त्यासाठी काउन्सेलरला स्वतः जाऊन भेटावं लागतं. एपीचे कोर्स एक्सचेंजच्या मुलांना मिळतीलच असं नाही. मिळाले तर मे महिन्यातल्या परीक्षेची नोंदणी आदल्या शरदातच करायची आणि प्रत्येक परीक्षेचे सुमारे १०० डॉलर वेगळे धरायचे.

वर्गाबाहेरची अमेरिका समजायला शाळेचे छोटे रिवाज पुरेत. सकाळी झेंड्याकडे तोंड करून प्रतिज्ञा होते. ती म्हणण्याची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या बार्नेट खटल्यात ठरवलं. दुसऱ्या देशाच्या मुलाने गप्प उभं राहिलं की पुरे. कोणाला किती गुण पडले ते भिंतीवर लागत नाही, कारण १९७४ चा फर्पा कायदा विद्यार्थ्याची नोंद खासगी मानतो. पहिला नंबर कोण हे वर्गाला सहसा कळत नाही, आणि आपल्या मुलांना सुरुवातीला ते चक्क बेचव लागतं. फायर ड्रिलबरोबर लॉकडाऊन ड्रिलही, म्हणजे हल्लेखोर शाळेत शिरला तर काय करायचं याचा सरावही होतो: दार बंद, दिवे बंद, खिडकीपासून लांब, आवाज नाही. मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या वेळी घाबरगुंडी उडते.

मैत्रीची तक्रार जवळपास प्रत्येकाची असते. पहिल्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये सगळे हसून बोलतात आणि जेवणाच्या सुट्टीत मूल एकटंच ट्रे घेऊन उभं. ते हसणं खोटं नसतं. ती नुसती वागण्याची रीत असते, मैत्रीचं आमंत्रण नव्हे. मैत्री होते ती रोज दोन तास एकत्र घाम गाळून. म्हणून क्रॉस-कंट्रीसारखा (मैदान-माळावरून लांब धावण्याचा), बहुतेक शाळांत कोणालाच न वगळणारा खेळ घ्यावा. ५ किलोमीटर शेवटून पहिला आलात तरी संघात असता. नाटकाच्या पडद्यामागची टोळीही तितकीच चांगली. मात्र शरदातल्या खेळांचा सराव ऑगस्टमध्ये, कित्येकदा शाळा भरण्याआधीच सुरू होतो आणि डॉक्टरने भरलेला तंदुरुस्तीचा फॉर्म लागतो. उशिरा पोहोचणाऱ्याची ती गाडी चुकते. शुक्रवारच्या अमेरिकन फुटबॉलला मात्र नियम कळले नाहीत तरी जा. गाव तिथेच भेटतं.

कॅन्टीनचा हिशेब वेगळाच. सरकारी योजनेतल्या जेवणात पाच गट असतात: दूध, फळ, भाजी, धान्य आणि मांस किंवा त्याचा पर्याय. बहुतेक हायस्कूलांत त्यांतले किमान तीन उचलावे लागतात, त्यात अर्धा कप फळ किंवा भाजी हवीच. तेवढं ट्रेवर नसेल तर ते पूर्ण जेवण धरत नाहीत आणि प्रत्येक वस्तूचे सुटे, म्हणजे जास्त पैसे लागतात. शाकाहारी मुलाने सफरचंद उचललं आणि चीज पिझ्झा घेतला की काम होतं, कारण चीज मांसाच्या पर्यायात मोजतात. वर्षभर हेच खाल्लं तर काय होतं ते सांगायला नको. जेल-ओसारख्या थरथरत्या गोड जेलीत आणि मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असतं, आणि वाटलेल्या घेवड्यात कधी डुकराची चरबी असते, विचारून खा.

घरी आग्रह हा प्रकार नाही. पोळी वाढताना आपण तीनदा नको म्हणतो आणि चौथ्यांदा घेतो. तिथे एकदा नको म्हटलं की भांडं टेबलाच्या पलीकडे गेलं. पहिल्या पंधरवड्यात मुलं उपाशी झोपतात ती यामुळे, यजमान कंजूष म्हणून नव्हे. फ्रिज स्वतः उघडायचा, प्लेट स्वतः डिशवॉशरमध्ये लावायची, कुठे जातोय आणि किती वाजता येणार ते सांगून निघायचं. यातली तिसरी गोष्ट चुकली की खटके उडतात.

या सेवेचा कच्चा दुवा म्हणजे स्थानिक प्रतिनिधी. नियमानुसार तो मुलाच्या घरापासून १२० मैलांच्या आत राहणारा हवा आणि महिन्यातून एकदा त्याने मुलाशी बोलायलाच हवं. काही जण अगदी घरच्यासारखं बघतात. काहींचं महिन्याचं बोलणं म्हणजे सगळं ठीक ना, एवढा एक मेसेज. घरात बिनसलं तर क्रम असा ठेवा: आधी प्रतिनिधी, मग संस्थेचा २४ तास चालू असलेला नंबर, त्यानेही हललं नाही तर परराष्ट्र खात्याची एक्सचेंज विद्यार्थ्यांसाठीची हेल्पलाइन. प्रत्येक वेळी तारखेसह लेखी. मुलं आधी आईला फोन करतात, आई एजंटला, एजंट मुख्य कार्यालयाला, आणि निरोप फिरून गावात पोहोचेपर्यंत गोष्टीचा राईचा पर्वत झालेला असतो. कुटुंब बदलणं ही नामुष्की नाही, ते नेहमी होतं. रोजचा व्हिडिओ कॉल मात्र नुकसान करतो. आठवड्यातून एक पुरतो.

जेईई-नीटच्या तयारीतल्या मुलाने हे वर्ष घेऊ नये. एक वर्ष मोडतं, आणि डिप्लोमा, म्हणजे तिथलं हायस्कूल पूर्ण केल्याची पदवी, मिळेल याची हमी नसते. तो द्यायचा की नुसतं प्रमाणपत्र द्यायचं हे डिस्ट्रिक्ट ठरवतं. इथल्या शाळेने किंवा ज्युनियर कॉलेजने ते वर्ष धरायचं कबूल केलं असेल तर ते निघण्याआधी लेटरहेडवर घ्या, तोंडी नको. बोलायला लाजणाऱ्या पण लिहून-वाचून विचार करणाऱ्या मुलाला याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. वर्गाला पाचपैकी साडेचार, जागावाटपाला दोन, स्थानिक प्रतिनिधीला नशिबाप्रमाणे.

परतीच्या शेवटच्या पंधरवड्यात शाळेच्या रजिस्ट्रारकडून ट्रान्स्क्रिप्टच्या (अधिकृत गुणपत्रकाच्या) दोन सीलबंद प्रती आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस मागून घ्या; इथे आल्यावर नेमकं तेच विचारतात. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचं सरकारी प्रमाणपत्र, लागणार असेल तर ते शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या कार्यालयातून मिळतं, त्यासाठी आधी कागद नोटराइज करून घ्यावा लागतो, आणि हे सगळं भारतात बसून पोस्टाने करायला महिने जातात. पाठ्यपुस्तकं शाळेची असतात, आत क्रमांक असतो आणि न परत केलेल्याचे पैसे भरावे लागतात. ती बहुतेक वेळा लॉकरच्या तळाशी, जिमच्या बुटांखाली सापडतात.